शेळीच्या दुधाचं दही घट्ट लागण्यासाठी

गाई-म्हशीच्या दुधाची रीत जशीच्या तशी वापरली, तर शेळीचं दही पातळच लागतं. विरजणाचा यात दोष क्वचितच असतो. दह्याला घट्टपणा देणारं अल्फा-एस-१ केसीन हे प्रथिन शेळीच्या दुधात कमी असतं, काही जातींत तर फारच कमी. म्हणून जास्तीचं विरजण घालून उपयोग नाही. दही फक्त लवकर आंबतं आणि पाणी सोडतं. मेहनत घ्यायची ती दूध तापवताना.

1 लिटर ताजं, गाळलेलं दूध जाड बुडाच्या स्टीलच्या भांड्यात घ्या. मंद आचेवर 85 अंशांपर्यंत न्या आणि तिथेच 30 मिनिटं धरून ठेवा, अधूनमधून तळापासून ढवळत. नुसती एक उकळी पुरत नाही. इतका वेळ तापल्यावर निवळीत जाणारी प्रथिनं उलगडून केसीनला चिकटतात आणि पाणी धरून ठेवतात. अजून घट्ट हवं असेल तर दूध आटवून 800 मिलीवर आणा, किंवा दूध थंड असतानाच 30 ते 40 ग्रॅम दूध पावडर गुठळ्या न होऊ देता मिसळा. पावडर गाईच्या दुधाची असेल तर कोणासाठी दही लावताय ते बघा. (गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या बहुतेकांना शेळीचं दूधही चालत नाही, दोन्हीतली प्रथिनं बरीच सारखी असतात. शेळीचं दूध अशांना चालतं, हा गैरसमज फार पसरलेला आहे.)

दूध 42-43 अंशांवर आलं की सपाट 1 टेबलस्पून ताजं, आंबट न झालेलं विरजण दोन-तीन चमचे दुधात मोडून त्यात मिसळा. झाकून 5 ते 7 तास उबेत ठेवा. या वेळात भांडं हलवायचं नाही. शेळीचं दही एकदा मोडलं की पुन्हा जमत नाही. भांडं किंचित कलतं केल्यावर दही कडेपासून एकसंध सुटलं, की लगेच फ्रीजमध्ये. खरा घट्टपणा 8 तास गार झाल्यावर येतो, म्हणून आधीच चमचा घालून बघू नका.

दह्याला तार आली, तर ऊब कमी पडली किंवा विरजणच तसलं होतं. वर पाणी साचलं, तर जास्त वेळ बाहेर राहिलं किंवा फार गरम जागी होतं.

उग्र वास मात्र दही लावण्याच्या आधीच आलेला असतो. दूध खूप घुसळलं, हिंदकळलं किंवा गार दुधात नुकतीच काढलेली गरम धार ओतली, की स्निग्धकणांचं आवरण फाटतं आणि लायपेज हे एन्झाइम आतली फॅटी ॲसिडं मोकळी करतं. तापवल्यावर लायपेज निकामी होतं, पण तोवर सुटलेला वास जात नाही. त्यामुळे धार काढल्याबरोबर दूध गाळा, भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवून 4 अंशांपर्यंत गार करा, आणि दोन वेळचं दूध दोन्ही गार झाल्यावरच एकत्र करा. धारेच्या वेळी बोकड जवळपास नको, त्याचा वास दुधात उतरतो.

मेंढीच्या दुधाला यातलं काहीच लागत नाही; त्यात प्रथिन आणि स्निग्धांश दोन्ही भरपूर, साध्या रीतीने सुरी लागेल इतकं दही होतं. उंटिणीच्या दुधाचं याउलट: त्याचं दही कितीही तापवून घट्ट होत नाही, ते आंबवून प्यायलाच बरं.