उपऱ्यांची पुस्तकं वाचायची कशी (आणि ‘दाहक वास्तव’ न म्हणता त्यावर लिहायचं कसं)

‘बलुतं’, ‘उपरा’, ‘उचल्या’ ही दलित-भटक्यांची आत्मकथनं अभ्यासक्रमात येतात, वाचनकट्ट्यावर येतात, आणि त्यावर लिहायची वेळ आली की निम्मे लोक तेच लिहितात. समाजाचं दाहक वास्तव, मन सुन्न झालं, अंगावर काटा आला. काटा आला असेलही, पण त्यातून वाचणाऱ्याबद्दल कळलं, पुस्तकाबद्दल काय कळलं? म्हणून मी कशी वाचते ते सांगते, परीक्षेला पण चालेल आणि नुसतं स्वतःसाठी वाचत असाल तरी चालेल.

सगळ्यात आधी, दुःख मोजत बसू नका, नियम शोधा. अशा प्रत्येक पुस्तकात एक नियम असतो जो कोणी मोठ्याने बोलत नाही पण सगळे पाळतात. कोण कुठल्या दारापर्यंत जाणार, पाणी कोण कुठून घेणार, कोणी कोणाला काय विचारलेलं चालतं. पेन्सिल घ्या आणि असं काही दिसलं की समासात खूण करा, पुस्तक लायब्ररीचं असेल तर वहीत पान नंबर लिहा.

उदाहरण म्हणून बाबुराव बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा घ्या, त्याच नावाचा संग्रह १९६३चा आहे. नायक दलित, शिकलेला, कविता करणारा, गुजरातमध्ये उधन्याला रेल्वेत नोकरीला लागलेला. राहायला खोली हवी, तिथं जातीचा प्रश्न येतो, आणि हा गडी मी मुंबईकर वगैरे ऐटीत सांगून जात लपवतो. इथं थांबा. नोकरी त्याला सरकारने दिली, तिथं कायदा त्याच्या बाजूने आहे, पण खोली माणसं देतात आणि नियम नेमका तिथंच दबा धरून बसलेला असतो. मग त्याच ठिकाणी काशिनाथ नावाचा दुसरा कामगार येतो, त्याच जातीचा, आणि हा मात्र काहीच लपवत नाही, उलट अंगावर जातो. म्हणजे एकाच नियमाची किंमत दोन जण दोन तऱ्हेने चुकवतात, एक गप्प बसून आणि दुसरा रोज भांडून, आणि गंमत बघा, ज्याच्या कवितेवर लोक खूष आहेत त्याला आदर मिळतो तो फक्त खोटं टिकतंय तोवर. शेवटी भांडं फुटतं, मार पडतो, काशिनाथ येऊन सोडवतो. तेव्हा नायक जे बोलतो त्याचा अर्थ असा की मला या लोकांनी नाही मारलं, मनूने मारलं. बहुतेक जण हे वाक्य उत्तरात टाकतात आणि वा म्हणून पुढे जातात. तुम्ही त्याच्याशी वाद घाला ना! तो माणसांना सोडून नियमाला धरतोय हे मोठंच आहे, पण हात तर त्या माणसांचेच होते, मग ते सुटले का? मला तरी ते वाक्य अजून खटकतं आणि तरी कथेत ते तिथंच असायला हवं असंही वाटतं. असं दोन्ही वाटलं तर दोन्ही लिहा.

दुसरी गोष्ट, सांगतंय कोण आणि कोणाला. ‘बलुतं’ १९७८चं, त्यात दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो, म्हणजे एकाच माणसाचे दोन तुकडे समोरासमोर बसलेत, एक गावकुसाबाहेरचा आणि एक शिकून शहरात लेखक झालेला. वाचताना सारखं विचारायचं की आत्ता लाज कोणाला वाटतेय, सांगणाऱ्याला की ऐकणाऱ्याला? बेबीताई कांबळेंच्या ‘जिणं आमुचं’मध्ये तर मी पेक्षा आम्ही जास्त, ती एका बाईची गोष्ट कमी आणि आख्ख्या महारवाड्याची जास्त आहे. त्यात गावाने केलेले हाल आहेतच पण घरात सासू सुनेला कशी छळते आणि नवरा बायकोला कसा मारतो तेही आहे. आणि ही बाई हे लिखाण कित्येक वर्षं नवऱ्यापासून लपवून ठेवत होती. हे माहीत असलं की तो आम्ही वेगळाच ऐकू येतो.

याच्या उलट टोकाला व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ ठेवून बघा, १९५५ची. तिथं पण सांगणारा बाहेरचाच आहे, धनगरांच्या वाडीवर आलेला तरुण मास्तर. पण तो परत जाऊ शकतो. माझी साधी कसोटी हीच आहे, या माणसाला परत जायला जागा आहे का? मास्तरला आहे. ‘उपरा’मधलं कैकाडी कुटुंब गाढवांवर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरतं, त्यांना ती नाही.

‘उपरा’ आलंच आहे तर एक सांगते, लोक सोयीने टाळतात म्हणून. जे गावाच्या बाहेर ठेवलेत त्यांच्या आतही गाव असतं. लेखक लक्ष्मण मानेंनी जातीबाहेर लग्न केलं तेव्हा त्यांच्याच जातीची पंचायत उभी राहिली. १९८०च्या या पुस्तकाला पुढच्याच वर्षी साहित्य अकादमी मिळालं, पण चर्चा बहुतेक पालांवरच्या गरिबीवर अडकते, पंचायतीवर कमी होते, कारण तिथं वाईट कोण ते चटकन ठरवता येत नाही. नेमकी तीच पानं दोनदा वाचा.

मग कायदा आणि साल बघा, यात लोक फार आळस करतात. लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’, म्हणजे चोर ठरवलेल्या जमातीतल्या मुलाची कहाणी, नुसतं वाचलं तर पोलीस वाईट होते एवढंच हातात राहतं. पण इंग्रजांनी १८७१ला कायदा करून आख्ख्या जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या होत्या आणि तो कायदा १९५२ला रद्द झाला हे शेजारी ठेवा. लक्ष्मण गायकवाडांचा जन्मही १९५२चाच! म्हणजे तो शिक्का कागदावरून गेल्यानंतरचं हे सगळं बालपण आहे आणि तरी घरावर धाडी पडतच होत्या.

भाषेबद्दल फार नाही सांगत. शब्द अडला की लगेच शोधायला पळू नका, मोठ्याने वाचा, पुढच्या दोन ओळींत बहुतेक कळतो.

आणि फक्त दलित-भटक्यांच्याच पुस्तकात हे शोधायचं असतं असं समजू नका, ती एक वेगळीच पळवाट आहे. तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ घ्या. सगळे पांढरपेशे, शहरातून गावात नाटक करायला आलेले, आणि वेळ घालवायला म्हणून खोटा खटला खेळतात, आरोपी लीला बेणारे, आरोप भ्रूणहत्येचा. खेळता खेळता खटला खरा होतो, कारण तिला खरंच दिवस गेलेत. इथं माझी युक्ती अशी की स्टेजवर कोण नाही ते बघायचं. प्रोफेसर दामले आलेलेच नाहीत, आणि पुरुष म्हणून जबाबदार तेच आहेत. खटला तिच्यावर चालतो, ते पूर्णवेळ गैरहजर राहतात आणि त्याबद्दल कोणाचं काही बिघडत नाही. वर निकाल काय, तर पोटातला गर्भ नष्ट करा, म्हणजे ज्या गुन्ह्याचा आरोप तोच शिक्षा म्हणून. दडपण आणायला कोणी गुंड लागत नाही, चार हसतखेळत माणसं पुरतात.

आता लिहायला बसाल तेव्हा आख्ख्या पुस्तकावर लिहू नका, एक प्रसंग घ्या. त्यातला नियम एका वाक्यात मांडा, मग तो नियम कोणाच्या सोयीचा आहे, मोडला तर काय होतं आणि पाळला तरी काय जातं ते लिहा. लेखकाचं चरित्र पहिल्या पानभर सांगायचा मोह टाळा, पुरस्कारांची यादी तर नकोच. तुम्हाला काय वाटलं ते शेवटी, दोन ओळी, आणि तुम्ही त्या प्रसंगात असता तर खोली मागणारे असता की जात विचारणारे, हे खरं लिहायची तयारी असेल तरच.

सुरुवात कशाने करू असं विचाराल तर बागुलांच्या त्या कथेने, एका बैठकीत होते. मग ‘बलुतं’. ‘जिणं आमुचं’ लहान आहे म्हणून आधी उचलू नका, ते तिसरं ठेवा.