सपाट फोटोंनी भरलेला गड्डा

सोलापूरचं सिद्धेश्वर मंदिर आणि तलाव मी ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये उभे केले, पण गड्ड्याच्या, म्हणजे तिथल्या सिद्धेश्वराच्या जत्रेतलं एकेक माणूस घडवणं माझ्या जुन्या संगणकाला झेपेना. मग माणसांचे फोटोच कापले. पार्श्वभूमी काढून पीएनजीत साठवा. जेपीजीत पारदर्शकता टिकत नाही. ब्लेंडर ४.२ पासून शिफ्ट-ए दाबून ‘इमेज’मध्ये ‘मेश प्लेन’ मिळतं, म्हणजे फोटो लावलेला सपाट पृष्ठभाग. पाय जमिनीला नेमके टेकवा, बोटभर फट राहिली तरी माणूस तरंगतो. खरी मेहनत उजेडाची: फोटोत ऊन डावीकडून असेल, तर दृश्यातला सूर्यही डावीकडेच हवा. सावलीत काढलेले फोटो कुठेही जुळतात, म्हणून मी तेच जास्त घेतो. कॅमेरा फिरणार असेल तर ‘लॉक्ड ट्रॅक’ लावा, म्हणजे सपाट माणसं कॅमेऱ्याकडेच वळलेली राहतात. नंदीध्वज, म्हणजे जत्रेच्या मिरवणुकीतल्या मानाच्या उंच काठ्या, मात्र मी पूर्ण त्रिमितीतच घडवले; ते सपाट ठेवायला मन धजेना.