शहरातल्या समाज भवनात 9 ऑगस्ट कसा साजरा करावा

नाशिक, ठाणे, पुणे, नागपूर अशा शहरांत शिक्षणाला आणि नोकरीला आलेली आदिवासी कुटुंबं आता दोन-तीन पिढ्यांची झाली आहेत. समाज भवन, वसतिगृहाचं सभागृह किंवा भाड्याचा हॉल, जागा कुठलीही असो, जागतिक आदिवासी दिनाचा कार्यक्रम तिथे होतोच. तो बिघडतो मात्र ठरलेल्या पद्धतीने. तीन तास सत्कार, दीड तास भाषणं आणि जव्हारहून चार तास प्रवास करून आलेल्या तारपा (भोपळ्याचं फुंकून वाजवायचं वाद्य) पथकाला सात मिनिटं. म्हणून आखणी उलट्या टोकाने करा. आधी नाचाची जागा आणि वेळ, मग जेवण, आणि उरेल त्यात भाषणं.

सहा आठवडे आधी: कोणाला बोलवायचं

पहिल्या बैठकीत शहरात कोणत्या जमातींची किती घरं आहेत, याची यादी करा. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकर, कातकरी, भिल्ल, पावरा, गोंड, कोलाम या सगळ्यांचा मिळून 'आदिवासी नृत्य' असा एकच प्रकार नसतो. वारल्यांचा तारपा वेगळा, कोकण्यांचं पावरी हे फुंकवाद्य वेगळं. सातपुड्यातल्या पावऱ्यांचा मोठा ढोल, कोलाम-गोंडांचा ढेमसा नाच, गडचिरोलीच्या माडियांचा रेला नाच, प्रत्येकाची चाल आणि वाद्य स्वतंत्र आहे. एका कार्यक्रमात दोन, फार तर तीन पथकं घ्या. पाच घेतली की एकालाही धड वेळ मिळत नाही.

पथक ठरवताना मोठी अडचण तारखेची. 9 ऑगस्टला गावाकडे भाताची आवणी (लावणी) आटपत आलेली असते किंवा पाऊस लांबला तर ऐन भरात असते. 15 माणसांचं पथक दोन दिवस शेत सोडून येतं, तेव्हा मानधनासोबत प्रत्येकाची बुडालेली मजुरी धरा. मानधन, मजुरी, गाडी, जेवण, मुक्काम किंवा त्याच दिवशी परत पाठवण्याची वेळ हे सगळं एका कागदावर लिहून पथकप्रमुखाला द्या. 'येण्याजाण्याचं बघू' असं फोनवर बोललं की हमखास भांडण होतं.

तारप्याचा खरा हंगाम भात पिकल्यानंतरचा, दिवाळीच्या आसपासचा आहे. काही गावांत हंगामाआधी तारपा काढतच नाहीत. त्यामुळे आधी विचारा, आणि नाही म्हणाले तर आग्रह धरू नका. 15 नोव्हेंबरला बिरसा मुंडा जयंती असते. तेव्हा पाऊस संपलेला, नवं भात घरात आलेलं आणि माणसं मोकळी असतात. तारप्याचा मोठा कार्यक्रम त्या दिवशी ठेवून 9 ऑगस्टला ढोल, पावरी, गाणी आणि जेवण यांवर भर दिला, तर दोन्ही दिवस चांगले होतात.

काय बोलवायचं नाही

हा भाग समितीतल्या तरुणांनी जाणत्या माणसांना विचारूनच ठरवावा. डोंगऱ्या देवाचा उत्सव मार्गशीर्षात, व्रत धरून होतो. त्यातलं वारं अंगात येणं सभागृहात 'सादर' करायला सांगणं म्हणजे व्रताची चेष्टा. सातपुड्यातले बुध्या-बावा हे होळीच्या नवसाचे नाचणारे असतात. अंगावर ठिपके काढून, कमरेला घुंगरं बांधून ते ऑगस्टमध्ये रॅलीत नाचवू नका. बोहाड्याचे (देवांची सोंगं नाचवण्याच्या उत्सवाचे) मुखवटे पूजेचे असतात, शोभेला भिंतीवर टांगण्याचे नाहीत. वारल्यांचा लग्नचौक, म्हणजे भिंतीवरचं लग्नाचं चित्र, लग्नाच्या घरात सवाशिणी काढतात, धवलेरी (लग्न लावणारी बाई) तिथे गाणी म्हणते. त्या चौकात लग्नाची देवी पालघट असते. तोच चौक फ्लेक्सवर छापून प्रवेशदाराशी पायाखाली टाकलेला दिसतो तेव्हा वारली बायका काही बोलत नाहीत, पण पुढच्या वर्षी येत नाहीत. सजावटीला झाडं, शेतीची कामं, तारप्याभोवतीचा फेर अशी चित्रं पुरेशी आहेत.

जागा: स्टेज विसरा

तारप्याचा नाच स्टेजवर चढवला की मोडतो. नाचणारे एकमेकांच्या कमरेत हात घालून साखळी करतात, तारपेवाल्याभोवती फिरतात, तो वळेल तसे वळतात आणि तारप्याकडे पाठ करत नाहीत. प्रेक्षक एकाच बाजूला बसले की निम्मे नाचणारे त्यांच्याकडे पाठ करून असतात. मग कोणीतरी संयोजक 'समोर तोंड करा' म्हणतो, आणि फेराची रांग होते.

20 जणांच्या साखळीला मोकळी 30 फूट बाय 30 फूट जमीन लागते. हॉलच्या मधल्या खुर्च्या काढून तीन बाजूंना लावा, एक बाजू ये-जा करायला मोकळी सोडा. जमिनीवरचं लाल कार्पेट काढून टाका. अनवाणी पायाखाली त्याला घड्या पडतात आणि साखळीतला एक अडखळला की पाच जण पडतात. गुळगुळीत फरशीवर ओल्या पायांनी घसरायला होतं, म्हणून दारात जाड गोणपाट टाका आणि नाचाआधी फरशी कोरडी पुसून घ्या.

आवाजाची गडबड इथेच होते. तारपेवाला श्वास न तोडता वाजवतो आणि सतत फिरत असतो, त्यामुळे उभ्या स्टँडच्या माईकचा उपयोग नाही. 300 माणसांच्या बंद हॉलमध्ये तारप्याला माईक लागतही नाही. लागलाच तर लहान वायरलेस माईक कर्ण्याच्या तोंडापासून वीतभर लांब बांधा आणि नाचाच्या जागेकडे तोंड केलेले स्पीकर बंद ठेवा, नाहीतर शिट्टी बसते.

वाद्यं सांभाळणं

तारपा वाळलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानाचा कर्णा यांचा असतो आणि सांधे मेणाने बसवलेले असतात. बंद गाडीत काचेखाली ठेवला की मेण मऊ पडतं, नळी हलते आणि सूर जातो. टपावर बांधला तर पावसात पान भिजतं. पथकासाठी 17 आसनी गाडी ठरवलीत तर माणसं 15च बसवा. उरलेल्या दोन जागा वाद्यांच्या.

ढोलाचं कातडं ऑगस्टच्या दमट हवेत सैल पडतं आणि आवाज बसतो. गावात शेकोटीजवळ धरतात. शहरात भवनाच्या अंगणात लोखंडी घमेल्यात निखारे ठेवा आणि ढोल हातभर लांबून फिरवत शेकू द्या. गॅसच्या ज्वाळेवर धरला की एका जागी करपतो आणि वाजवताना तिथेच फाटतो. शेकणं कार्यक्रमाच्या 15-20 मिनिटं आधी करा. सकाळी शेकून ठेवलेला ढोल दुपारपर्यंत पुन्हा सैल होतो.

परवानग्या आणि रॅली

निदान 15 दिवस आधी पोलीस ठाण्यात अर्ज द्या. त्यात मार्ग, वेळ, अंदाजे संख्या आणि स्वयंसेवकांची नावं लिहा. ध्वनिक्षेपकाची परवानगी वेगळी घ्यावी लागते आणि रात्री 10 नंतर तो उघड्यावर लावता येत नाही. 9 ऑगस्ट हा क्रांतिदिनही आहे, त्यामुळे शहरातल्या मुख्य पुतळ्यांशी त्या दिवशी गर्दी असते. अभिवादनाची वेळ आधीच मागून घ्या. पावसाचे दिवस आहेत, तेव्हा रॅली दोन-अडीच किलोमीटरच्या वर नेऊ नका. डीजे लावायचा असेल तर ढोलवाल्यांना बोलावू नका. दोन्ही एका रस्त्यावर चालले की ढोलवाले नुसतेच हात हलवत चालतात.

फलकावर मजकूर देताना तारखा तपासा. 9 ऑगस्ट ही तारीख निवडली, कारण 1982 साली त्या दिवशी संयुक्त राष्ट्रांच्या आदिवासीविषयक कार्यगटाची पहिली बैठक झाली. दिवस पाळण्याचा ठराव 23 डिसेंबर 1994 चा. बिरसा मुंडांचा जन्म 15 नोव्हेंबर 1875, मृत्यू 9 जून 1900. महादेव कोळी समाजाचे राघोजी भांगरे यांना ठाण्याच्या तुरुंगात 2 मे 1848 रोजी फाशी झाली, गोंड समाजाचे बाबूराव शेडमाके यांना चांद्यात (आजच्या चंद्रपुरात) 21 ऑक्टोबर 1858 रोजी. शहरात ज्या जमातीची घरं जास्त, तिचा वीर फलकावर असलाच पाहिजे. कातकरी वस्ती असेल तर 1930 च्या चिरनेर जंगल सत्याग्रहातले नाग्या कातकरी विसरू नका.

300 जणांचं जेवण

नागलीची (नाचणीची) भाकरी, भात, उडदाचं भुजं (भाजलेल्या उडदाचं कालवण), एक रानभाजी आणि आंबील, एवढं पुरतं. माणशी एक भाकरी धरली तर किलोला 10-11 या हिशेबाने 28 ते 30 किलो पीठ लागतं. भातासाठी 25-27 किलो तांदूळ. एक बाई एका तव्यावर तासाला 25-30 भाकऱ्या करते, तेव्हा चार तवे सकाळी 9 ला लागले तर साडेबाराला वाढप सुरू होतं. नागलीची भाकरी गार झाली की कडक होते. आदल्या रात्री करून ठेवण्याचा मोह टाळा, आणि झालेल्या भाकऱ्या कापडात गुंडाळून टोपलीत झाकून ठेवा.

आंबिलीसाठी माणशी 200 मिली धरून 60 लिटर लागते. चार किलो नागलीचं पीठ दहा-बारा लिटर पाण्यात कालवून स्टीलच्या किंवा मातीच्या भांड्यात रात्रभर आंबवा. ॲल्युमिनियमचं भांडं नको, आंबटपणाने चव बिघडते. सकाळी 45-50 लिटर पाणी उकळून त्यात आंबवण धारेने सोडा आणि ढवळणं थांबवू नका. कोरडं पीठ थेट उकळत्या पाण्यात टाकलं की गुठळ्या होतात आणि त्या पुढे मोडत नाहीत. मीठ 300 ग्रॅमपासून सुरू करून चाखत वाढवा. ठेचलेला लसूण आणि जिरं शेवटी.

रानभाजीत कुर्डू किंवा भारंगी घ्या. निवडून 30 किलो पाला हवा असेल तर 45-50 किलो जुड्या सांगाव्या लागतात. पेठ, सुरगाणा, मोखाड्याकडून बाजारात येणाऱ्या बायकांना आठवडाभर आधी सांगून, थोडी रक्कम आगाऊ द्या. भारंगी कडू असते, उकळून पाणी पिळून टाका. लोत आणि तेरं या अळूच्या जातीतल्या रानभाज्या चविष्ट, पण त्यांत घशाला खाजवणारे सूक्ष्म स्फटिक असतात. चिंच, आमसूल किंवा काकड झाडाची आंबट फळं घालून नीट शिजवावी लागतात, आणि मोठ्या पातेल्यात तळाचं शिजतं, वरचं कच्चं राहतं. गर्दीच्या जेवणात ती नकोच. कडू कंद आणि रानातली अळंबीही नको.

दिवसाचा क्रम

रॅली 9 ते साडेदहा. आल्याआल्या धान्यपूजन करा. सुपात भात, नागली, वरई, उडीद ठेवून समाजातल्या ज्येष्ठ बाईने किंवा भगताने आपापल्या रीतीने पूजा करावी, पाहुण्याला नारळ फोडायला बोलावू नये. 11 ते 12 पहिलं पथक, सलग. साडेबारा ते दोन जेवण. दोन ते तीन सगळे सत्कार आणि भाषणं, माणशी पाच मिनिटं. तीन वाजता दुसरं पथक आणि शेवटी सगळ्यांचा फेर. भाषणं जेवणानंतर ठेवली की पाहुणे लांबवत नाहीत, हा अनुभवसिद्ध उपाय.

दिवसभर एका कोपऱ्यात मदतीचं टेबल ठेवा. शहरात वाढलेल्या मुलांना जात वैधता प्रमाणपत्राची सर्वांत जास्त धास्ती असते. अनुसूचित जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचे पुरावे भक्कम धरतात. आजोबांच्या शाळेच्या नोंदवहीचा उतारा, कोतवाल बुकातली (गावच्या जुन्या सरकारी नोंदवहीतली) नोंद, जन्म-मृत्यूची नोंद यांतलं काय कुठे मागायचं, एवढा एक पानी कागद छापून वाटला तरी लोक टेबलाशी रांग लावतात.

गाडी सुटण्याआधी पथकाचे पैसे पथकप्रमुखाच्या हातात द्या, सही घ्या, आणि सोबत रात्रीच्या भाकरीचं गाठोडं द्या. घाटात पाऊस असतो, त्यामुळे साडेचारनंतर कोणालाही थांबवू नका, मग अध्यक्षांचं आभारप्रदर्शन राहिलेलं असलं तरी.