न्यूरॉनचा आयडी म्हणजे आकडा नव्हे

कनेक्टोमिक्समध्ये, म्हणजे मेंदूतल्या जोडण्यांचा नकाशा काढण्याच्या शास्त्रात, नवीन आलेला जो तो आधी यू-नेट आणि फ्लड-फिलिंग (मेंदूच्या चित्रांतून एकेक न्यूरॉन वेगळा काढणारी तंत्रं) शिकायला धावतो. मीही धावलो. फळमाशीपुरतं ते काम दुसऱ्यांनी करून ठेवलंय: एका मादी माशीच्या अख्ख्या मेंदूतले १,३९,२५५ न्यूरॉन, पाच कोटींच्या वर सिनॅप्स (न्यूरॉनमधले सांधे), प्रिन्स्टनच्या फ्लायवायर या ऑनलाइन नकाशावर फुकट. साधा लॅपटॉप पुरतो. जीवशास्त्र बारावीतच सुटलं असेल तरी घाबरू नका, माझंही सुटलं होतं.

मी आपटलो ते भलत्याच ठिकाणी. फ्लायवायरवर प्रत्येक न्यूरॉनचा आयडी १८ अंकी, ७२०५७५९४० ने सुरू होणारा. माझ्या सीएसव्हीत (साध्या तक्त्याच्या फाइलीत) मेंदूच्या डाव्या बाजूच्या न्यूरॉनसमोर उजव्या जोडीदाराचा आयडी होता, काही जागा रिकाम्या. पायथनच्या पांडाज या लायब्ररीने तशी फाइल वाचली की एका रिकाम्या जागेपायी अख्खा रकाना फ्लोट (दशांश आकडा) होतो, आणि फ्लोटला सोळाएक अंकांपुढचा पूर्णांक नीट धरता येत नाही. एवढा मोठा आयडी मग जवळच्या १२८ च्या पटीवर जाऊन बसतो. शेवट ८८५७२१० असेल तर ८८५७२१६ होतो. रिकाम्या जागी शून्य भरून परत इंट (पूर्णांक) केलं की दिसायला सगळं ठाकठीक! एरर नाही, वॉर्निंग नाही. जोडण्यांच्या तक्त्याशी आयडी जुळवून मर्ज केल्यावर मात्र बहुतेक ओळी गायब.

मला वाटलं, हे न्यूरॉनच एकलकोंडे, कुणाशीच न जोडलेले. त्यावर दोन महिने आणि एक पोस्टर गेलं. गाईडनीही मान डोलावली. शून्य भरायची ती ओळ मी सीनियरच्या कोडच्या नोटबुकमधून उचललेली. तेव्हापासून कुणाची नोटबुक आयती घेत नाही, तुम्हीही घेऊ नका. गाईडना विज्ञान विचारा, कोड रूममेटला दाखवा. माझ्या रूममेटला न्यूरॉनचा 'न' माहीत नव्हता, पण स्क्रीनकडे बघून म्हणाला, "एकही आयडी विषम कसा नाही रे?"

तर फाइल वाचतानाच आयडीचा रकाना स्ट्रिंग म्हणून घ्या. मर्जच्या आधी-नंतर ओळी मोजा. सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका, तिथे पंधराव्या अंकापुढे थेट शून्यं पडतात. आणि आयडीशेजारी डेटाची आवृत्ती, उदाहरणार्थ ७८३, लिहून ठेवा. प्रूफरीडिंगमध्ये, म्हणजे माणसांनी नकाशा तपासून सुधारताना, न्यूरॉनचा तुकडा जोडला किंवा तोडला की त्याचा आयडी बदलतो.

दुरुस्तीला एक दुपार लागली. पोस्टरवरच्या पहिल्याच 'एकलकोंड्या'ला चारशेवर सिनॅप्स निघाले.