पेटंट यायचंय, पण माल आत्ताच विकायचाय?

कांदा लागवडीचं यंत्र बनवलंय आणि पुण्याजवळ मोशीच्या किसान प्रदर्शनात मांडायचंय? आधी पेटंटचा प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता अर्ज टाका, ऑनलाइन भरता येतो. स्टॉल, यूट्यूब, व्हॉट्सॲप सगळं त्यानंतर. पूर्ण तपशील द्यायला 12 महिने मिळतात. तेवढ्यात गिऱ्हाईक आहे की नाही ते कळतंच.

यंत्राच्या पाटीवर ‘पेटंट पेंडिंग’ आणि अर्ज क्रमांक लिहा. ‘पेटंटेड’ चुकूनही नको, 10 लाखांपर्यंत दंड आहे. पेटंट मंजूर होईपर्यंत नक्कल करणाऱ्यावर दावा लावता येत नाही, म्हणून फॅब्रिकेटरच्या हाती ड्रॉइंग देण्याआधी गोपनीयतेच्या करारावर सही घ्या. ओळखीचा असला तरी! अर्जानंतर यंत्राच्या दात्यांची रचना बदललीत, तर नवा अर्ज केल्याशिवाय ती कुणाला दाखवू नका. जुन्या तारखेचं संरक्षण तिला लागू नाही.