नाशिक बघायला येताय? दोन मुक्काम ठेवा, आणि नाशिकरोडला उतरून 'पोचलो' म्हणू नका

"अगं, उतरलो बघ नाशिकला. दहा मिनिटांत येतो, चहा टाक."

आत्याचा असा फोन आला की मी चहा टाकत नाही. ती नाशिकरोडला उतरलेली असते. स्टेशन नाशिकरोडला आहे आणि गाव तिथून नऊ-दहा किलोमीटरवर. मध्ये द्वारकेचा चौक लागतो आणि संध्याकाळी तिथे काय होतं ते नाशिककराला विचारा. आमचं घर गंगापूर रोडला, म्हणजे गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. अकोल्याहून बारा जणांचं बिऱ्हाड घेऊन आलेली आत्या त्या दिवशी सव्वा तासाने दारात उभी राहिली आणि आधी रिक्षावाल्याचा उद्धार केला, मग चप्पल काढली.

गेली अठरा वर्षं मी पाहुण्यांना नाशिक दाखवतेय. चुका करून करून एक क्रम बसलाय, तो सांगते.

पहिलं काम: यादी कापा

येणाऱ्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये एक यादी असते. पंचवटी, त्र्यंबकेश्वर, शिर्डी, वणीची देवी, वायनरी, पांडवलेणी, मिसळ. आणि वेळ एक दिवस. आता नकाशा बघा. त्र्यंबक पश्चिमेला तीसेक किलोमीटर, वणीचा गड उत्तरेला साठेक, शिर्डी नव्वदच्या आसपास आणि तीही उलट्या बाजूला. हे सगळं एका दिवसात केलं तर तुम्हाला देवळांच्या पार्किंगचं दर्शन घडतं. शिर्डी वेगळी करा, जाता-येता वाटेत बसत असेल तरच. वणीला आता गडावर जायला फ्युनिक्युलर आहे, त्यामुळे गुडघ्यांचं निमित्त संपलं, पण दिवस तिथेही जातोच.

नाशिक आणि त्र्यंबक एवढंच ठेवा. दोन रात्री, दोन पूर्ण दिवस.

कधी यायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. डिसेंबर-जानेवारीत पहाटे घाटावर जायचं तर स्वेटर लागतोच, मुंबईचे पाहुणे दरवेळी विसरतात आणि माझ्या कपाटातल्या शाली कमी होतात. द्राक्षं खायची तर जानेवारी ते मार्च. पावसात डोंगर सुंदर दिसतात, सोमेश्वरचा धबधबा गावाजवळच आहे, पण शनिवार-रविवारी पहिने-त्र्यंबककडच्या रस्त्यावर गाड्यांचीच जत्रा असते.

आणि जमलं तर रंगपंचमीला या. नाशिकमध्ये खरा रंग धुळवडीला नसतो, पंचमीला असतो. जुन्या गावात पेशवेकाळापासूनच्या रहाडी आहेत. रहाड म्हणजे जमिनीतला दगडी हौद, एरवी वरून बुजवलेला, तुम्ही त्याच्यावरून चालत जाल आणि कळणारही नाही. पंचमीला तो उघडतात, रंगीत पाण्याने भरतात आणि माणसं त्यात धप्पकन उड्या मारतात. ज्या कपड्यांत उडी माराल ते परत घालायचा विचार सोडा.

सिंहस्थ, म्हणजे नाशिकचा कुंभमेळा, हा वेगळाच विषय. मागचा २०१५ साली झाला, आताचा २०२६-२७ चा. मुख्य स्नानाच्या दिवसांत पर्यटक म्हणून येऊ नका, भाविक म्हणून आलात तरच ती गर्दी सोसते.

यायचं कसं, राहायचं कुठे

मुंबईकरांसाठी पंचवटी एक्स्प्रेस सोयीची. संध्याकाळी मुंबईहून सुटते आणि रात्री नाशिकरोडला सोडते. तिकीट आधी काढा, ती रोज ये-जा करणाऱ्यांची गाडी आहे. पुण्याहून सरळ एसटी घ्या. स्टेशनाबाहेरून महापालिकेची सिटीलिंक बस गावात येते. सामान कमी असेल तर तीच पकडा. नाशिकमध्ये रिक्षा मीटरवर चालत नाही असंच धरून चला. बसण्याआधी भाव ठरवा आणि 'सीटवर की स्पेशल' हे स्पष्ट विचारा. सीटवर म्हणजे शेअर. आत्याने हेच विचारलं नव्हतं.

बसस्टँडचाही घोळ असतो. जुनं सीबीएस, ठक्कर बाजार म्हणजे नवं सीबीएस, त्याला लागून मेळा, शिवाय महामार्ग आणि पंचवटीत निमाणी. कुणी नुसतं "स्टँडवर ये" म्हणालं तर कुठल्या ते विचारा.

मुक्कामासाठी सरळ नियम: देवदर्शनाला आलात तर पंचवटी किंवा सीबीएस-शालिमारच्या आसपास, आरामाला आलात तर कॉलेज रोड-गंगापूर रोड. माझ्या मावसभावाने स्वस्त मिळालं म्हणून 'नाशिक' असं लिहिलेलं एक हॉटेल बुक केलं. निघालं हायवेवर, गावापासून बारा किलोमीटरवर. तिथे रात्री आठनंतर जेवायलाही गावात यावं लागे. खोलीत वाचले त्याच्या दुप्पट रिक्षात गेले. बुकिंग करताना रामकुंडापासूनचं अंतर बघा, बाकी काही बघू नका.

पहिला दिवस: सकाळ पायी

पंचवटी गाडीतून बघता येत नाही. गल्ल्या अरुंद, पार्किंग नाही. सकाळी साडेसहाला रामकुंडावर पोचा. आणि एक, इथे गोदावरी कुणी म्हणत नाही. गंगाच म्हणतात. "गंगेवर चाललोय," "गंगेला पाणी आलंय." पत्ता विचारताना गंगाघाट म्हणा.

घाटावर पोचलात की दुतोंड्या मारुती बघा. नदीतच उभी असलेली उंच मूर्ती, तोंडं दोन्हीकडे. हे नाशिकचं पूरमापक आहे. धरणातून किती क्युसेक सोडलं हे बातमीत असतं, पण घरात विचारतात, "मारुतीच्या कुठपर्यंत आलंय?" गुडघ्यापर्यंत म्हणजे चहा प्यायला हरकत नाही. कमरेच्या वर गेलं की घाटावरचे दुकानदार सामान उचलायला लागतात. डोक्यावरून गेलं म्हणजे मोठा पूर. म्हणूनच पावसाळ्यात घाटावर गाडी लावू नका. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की घाट पाण्याखाली जातो, आणि कुणाची तरी गाडी दरवर्षी अडकतेच.

तिथेच नारोशंकराचं देऊळ आहे, १७४७ सालचं. समोर कोटावर टांगलेली घंटा वसईच्या विजयाची आठवण सांगते. मोठ्याने बोलणाऱ्याला आमच्याकडे 'नारोशंकराची घंटा' म्हणतात ते हिच्यावरून. मग पायऱ्या चढून कपालेश्वर. शंकराच्या देवळात नंदी नाही हे इथलं वैशिष्ट्य, मुलांना आधी सांगू नका, त्यांना शोधू द्या.

रामकुंडावर गुरुजी तुम्हाला हाक मारतील. घाबरू नका आणि उर्मटही होऊ नका. "फक्त दर्शनाला आलोय" एवढं पुरतं. विधी करायचा असेल तर काय काय होणार आणि दक्षिणा किती, हे आधी बोलून घ्या, नंतर नाही.

पण एक गोष्ट आवर्जून करा. आपलं गाव आणि आडनाव सांगून आपले तीर्थोपाध्ये कोण ते विचारा. या घराण्यांकडे पिढ्यान् पिढ्यांच्या वह्या आहेत, गावागणिक, कुळागणिक. आत्याला घेऊन गेले तेव्हा गुरुजींनी फडताळातून लांबट, लाल कापडात बांधलेली वही काढली, थुंकी न लावता कोरड्या बोटाने पानं उलटली आणि पंधरा मिनिटांत तिच्या आजोबांची सही समोर ठेवली. मोडीत. खाली देवनागरीत कुणीतरी नावं उतरवली होती. त्यात आजोबांच्या एका भावाचं नाव होतं, जो आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हता. आत्या बराच वेळ त्या नावाकडे बघत बसली. मग गुरुजींनी आम्हालाही लिहायला लावलं, पोराबाळांसकट.

तिथून चालत काळाराम. पेशवाईतल्या सरदार ओढेकरांनी बांधलेलं, काळ्या पाषाणातलं देऊळ. दगड रामशेजच्या डोंगरातून आणला असं सांगतात. प्रांगण मोठं, शांत, ओवऱ्यांत थोडं बसा. आणि बसलात की हेही आठवा, की २ मार्च १९३० रोजी याच दारापाशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दलितांच्या मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू केला, आणि ते दार त्यांच्यासाठी पुढे अनेक वर्षं उघडलं नाही. नुसता रामनवमीचा इतिहास ऐकून परत जाऊ नका.

शेजारी सीतागुंफा. आत वाकून, जवळजवळ बसून सरकावं लागतं. गुडघे दुखत असतील किंवा कोंडल्यासारखं होत असेल तर बाहेर वडाच्या सावलीत थांबा, काही बिघडत नाही.

मिसळ

आता साडेनऊ झाले असतील, म्हणजे मिसळीची वेळ. दोन प्रकारच्या जागा आहेत. गावातल्या जुन्या, जिथे बाकडी एकमेकांना चिकटलेली आणि खाऊन झालं की उठावं लागतं. आणि गंगापूर-मखमलाबादकडच्या मळ्यांतल्या, चुलीवरची मिसळ, खाटा, झोपाळे, रविवारी तासभर नंबर. सोबत लहान मुलं असतील तर मळ्यात जा, चव बघायची असेल तर गावात. हे माझं मत, भांडायला तयार आहे.

विचारताना 'काळ्या मसाल्याची की लाल रश्शाची' विचारा. मटकी, वर फरसाण, पापड, दही, पाव आणि रस्सा वेगळा. सगळा रस्सा एकदम ओतू नका, फरसाणाचा लगदा होतो. थोडा घ्या, संपला की परत मागा. शेवटी जिलेबी घ्या. तिखट उतरायला पाण्यापेक्षा ती बरी.

दुपार आणि पांडवलेणी

दुपारी झोपा. खरंच. चारला निघा आणि मुंबईच्या रस्त्याला पांडवलेणी गाठा. दोनशेच्या आसपास पायऱ्या आहेत, उन्हात नको होतात. पांडवांशी संबंध नावापुरता, ही बौद्ध लेणी आहेत, एकूण चोवीस, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. सगळी बघायची गरज नाही. तीन, दहा आणि अठरा बघा.

तीन नंबरला गौतमी बलश्रीचा लेख आहे. मुलाचं, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचं कौतुक, ज्याची घोडी तीन समुद्रांचं पाणी प्यायली. आईने केलेलं कौतुक आहे, तेवढं धरून वाचा. अठरा नंबरला चैत्य, म्हणजे प्रार्थनागृह. पण माझं आवडतं दहा नंबर. क्षत्रप म्हणजे शक राज्यकर्ता नहपान, त्याचा जावई उषवदात याने तिथे कोरून ठेवलंय की भिक्षूंसाठी तीन हजार कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, ठेव ठेवली, गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसायसंघांकडे. दोन हजारांवर महिना शेकडा एक, उरलेल्या हजारावर शेकडा पाऊण. व्याजातून भिक्षूंची वस्त्रं आणि इतर गरजा, मुद्दल मोडायचं नाही. गोवर्धन गाव आजही गंगापूर रस्त्याला आहे. बँकेत नोकरी केलेले माझे सासरे तो लेख समजल्यावर खूश झाले आणि "हजारावर पाव टक्का कमी का दिला?" यावर खाली उतरेपर्यंत बोलत होते.

दुसरा दिवस

पहाटेची एसटी धरून त्र्यंबक. सोमवार टाळा, श्रावणातला सोमवार तर हमखास टाळा. मी एकदा श्रावणी सोमवारी पाहुण्यांना नेलं आणि पाच तास रांगेत उभी राहिले, त्यानंतर आमच्यातल्या दोघी आठवडाभर एकमेकींशी बोलल्या नाहीत. मोबाइल आत नेता येत नाही, तेव्हा तो मुक्कामीच किंवा बाहेर बसणाऱ्या एका माणसाकडे ठेवा. दर्शनानंतर कुशावर्त कुंड, आणि निवृत्तिनाथांची समाधी चुकवू नका. बरेचजण तिथवर जातच नाहीत. पायांत बळ असेल तर ब्रह्मगिरीचा डोंगर, पण मग दिवस तिथेच ठेवा.

परतताना अंजनेरीला नाण्यांचं संग्रहालय आहे. पाऊण तास पुरतो.

वायनरीला संध्याकाळी जा. गंगापूर धरणाच्या बाजूला आहेत, सुला सगळ्यात गजबजलेली. प्यायचं असेल तर गाडी चालवणारा आधी ठरवा, टेबलावर बसून नाही. आत्या तिथे आली, चव न घेता सूर्यास्त बघितला आणि "द्राक्षं नुसती खायला काय हरकत आहे यांना?" म्हणाली.

खरेदी आणि परत

भांडी बाजारात तांब्या-पितळेची भांडी वजनावर मिळतात. दोन दुकानांत भाव विचारा, हातात घेऊन पत्र्याची जाडी बघा. बुधवारी आलात तर गंगेवरचा बाजार. द्राक्षं रस्त्यावर घेताना घडाच्या खालच्या टोकाचा मणी खाऊन बघा. वरचे आधी गोड होतात, खालचा गोड असेल तर घड घ्या. चिवडा घ्याच, पण त्याच्यावर टाकायला कांदा घरून न्या, गाडीत मिळत नाही.

गाडीच्या वेळेआधी दोन तास निघा, द्वारका आहे मध्ये. लवकर पोचलात तर स्टेशनाजवळ मुक्तिधाम आहे, पांढरं संगमरवरी, भिंतींवर गीतेचे अध्याय कोरलेले. आत्याने तिथे बारा जणांना ओळीत बसवून चिवड्याची पहिली पिशवी फोडली. कांदा तिने सकाळीच माझ्याकडून चिरून घेतला होता.