मेणबत्ती विझली, पाणी चढलं, आणि मी चुकले

बी.एड. करून सहावी ते आठवीला विज्ञान शिकवायला लागले तेव्हा माझा एक हुकमी प्रयोग होता. ताटलीत शाईचं पाणी, मधे पेटती मेणबत्ती, वर उपडा काचेचा ग्लास. ज्योत विझते, पाणी सर्रकन आत चढतं, पोरं बघतच राहतात. मग मी फळ्यावर लिहायची: हवेत ऑक्सिजन २१ टक्के, तो जळला, त्याची जागा पाण्याने घेतली. सगळं कसं मापात बसायचं.

तिसऱ्या वर्षी सातवीतल्या एका मुलीने मला न विचारताच ताटलीत तीन मेणबत्त्या उभ्या केल्या. पाणी नेहमीपेक्षा कितीतरी वर गेलं. "मॅडम, मेणबत्त्या वाढवल्या तर ग्लासातला ऑक्सिजन पण वाढतो का?" मी म्हटलं, "चला, वह्या काढा." आजही आठवलं की कानकोंडं व्हायला होतं.

त्या रात्री ओट्यावर तोच प्रयोग सहा-सात वेळा केला. या खेपेला पाण्याकडे नाही, ग्लासाच्या कडेकडे बघत. कडेखालून बुडबुडे निसटत होते! ज्योतीने हवा तापते, फुगते, थोडी बाहेर जाते. ज्योत विझली की उरलेली हवा निवते, आकसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला आत ढकलतो. म्हणून तर पाणी मुख्यतः विझल्यानंतर चढतं. ऑक्सिजन पूर्ण संपण्याच्या बऱ्याच आधी मेणबत्ती मान टाकते. तीन मेणबत्त्या म्हणजे जास्त तापलेली हवा, एवढंच. दुसऱ्या दिवशी सातवीला सांगितलं की मी चुकीचं शिकवलं. मग आठवीच्या वर्गात जाऊनही सांगितलं, कारण त्यांनाही मीच शिकवलं होतं. ते जास्त जड गेलं.

तुम्ही नव्याने रुजू होत असाल तर प्रयोग आदल्या दिवशी स्वतः करा, शाळेत जे सामान असेल त्याच सामानाने. आमच्याकडे प्रयोगशाळा म्हणजे कुलूपबंद कपाट, आणि किल्ली कायम दुसऱ्याकडे. त्याचं फार वाईट वाटून घेऊ नका. हळद लावलेला कागद साबणाच्या पाण्याने लाल होतो, लिंबू पिळलं की परत पिवळा. आम्ल-आम्लारीचा निम्मा धडा स्वयंपाकघरातच आहे. टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांनी तर काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबमधून भूमितीचे आकार उभे केले. मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये १६ शाळांतून करून शिकण्याचा कार्यक्रम सुरू झाला, तोही सहावी ते आठवीसाठीच. शाळा गावाकडच्याच होत्या.

गट चौघांचा करा. पाचवा खिडकीबाहेर बघतो, हे मी पैजेवर सांगते. काडेपेटी तुमच्याच हातात हवी, वेण्या आणि ओढण्या आवरलेल्या, पाण्याची बादली शेजारी. पंखा बंद केला की मार्चमध्ये कुरकुर होते, होऊ द्या. आणि प्रयोगाआधी अंदाज पेनाने लिहून घ्या, पेन्सिलीने नाही. नाहीतर पाणी चढलं की सगळ्यांना "आधीच माहीत होतं".

पोर्शनचं काय, हे सगळेच विचारतात. मागे पडतो. आठवड्यातून एकदा जोडतास मिळवा, बाकीचे तास खडू-फळा. प्रत्येक धडा प्रयोगाने शिकवते म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

यंदा सातवीच्या एका गटाने मेणबत्ती पेटवलीच नाही. ग्लास कडक पाण्यात घोळवून तापवला आणि तसाच पाण्याच्या ताटलीत पालथा घातला. मिनिटभराने पाणी आत चढायला लागलं, थोडंसंच, पण चढलं. मागच्या बाकावरून आवाज आला, "मग मॅडम, इतके दिवस मेणबत्ती कशाला लावत होतो?"